कायद्याची हूल आणि बंदुकीचा बाजार

एखाद्या मालावर नवी जकात बसणार, अथवा त्याच्या विक्रीस सरकार आडकाठी करणार, अशी नुसती कुणकुण लागली की बाजारात काय घडते हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. कायद्याचा मसुदाही अजून तयार झालेला नसतो, तोच वखारींची दारे लागतात, अडत्यांच्या पेढ्यांवर मागणीच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडतो, आणि काल ज्या मालाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तो आज दामदुपटीनेही हाती लागेनासा होतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्यावर दोन-तीन दिवसांतच मीठ संपले अशी आवई दिल्लीकडे व उत्तर प्रदेशात उठली, आणि ज्या देशाच्या तीन अंगांस समुद्र पसरला आहे त्या देशातील शहाणीसुरती माणसे रात्री वाण्याच्या दुकानापुढे मिठाच्या पुड्यांसाठी हमरीतुमरीवर आली. मीठ पूर्वी होते तेवढेच होते. लवकरच भाव उतरला, आणि ज्यांनी घरात पुड्यांची रास लावली होती त्यांस शेजाऱ्यांच्या थट्टेखेरीज फारसा तोटा झाला नाही.

आज आम्हास ज्या मालाविषयी लिहावयाचे आहे तो मिठासारखा विरघळून जाणारा नाही. तो माल म्हणजे बंदूक. तेलपाणी नीट राखले तर आजोबांची बंदूक नातवाच्या हाती धडधाकट येते. भीतीच्या भरात घेतलेली बंदूक भीती ओसरली तरी घरातच राहते, आणि ती पुढे केव्हा कोणाच्या हाती लागेल याचा हिशेब ती विकत घेणाऱ्यानेही केलेला नसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदुकांवर निर्बंध घालण्याची भाषा निघाली की बंदुकांची विक्री वाढावी, हा क्रम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वारंवार पाहण्यात आला आहे. आमच्या कित्येक वाचकांची मुले-नातवंडे आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहतात, आणि बंदूकधारी आत शिरल्यास बाकाखाली कसे लपावे याची कवाईत तेथील शाळांत मुलांकडून करवून घेतली जाते. तेव्हा हा विषय आम्हास अगदीच परका नाही. शिवाय सुधारणेचा कैवार घेणाऱ्याने, मग ती सुधारणा कोणतीही असो, या क्रमाकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे असे आमचे मत आहे.

कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी तेथील सँडी हूक प्राथमिक शाळेत एका वीस वर्षांच्या तरुणाने सहा-सात वर्षांची वीस मुले व शाळेतील सहा मोठी माणसे गोळ्या घालून मारली. त्याने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने कायद्याप्रमाणे रीतसर विकत घेतलेल्या होत्या, आणि त्या दिवसाचा पहिला बळी घरातल्या घरात तीच झाली होती. सारा देश हळहळला. अध्यक्ष ओबामा यांनी निर्बंध आणण्याचे जाहीर केले, आणि १६ जानेवारी २०१३ रोजी त्यांनी आपल्या सूचना लोकांपुढे मांडल्या. लष्करी घडणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींची विक्री बंद करावी, दहाहून अधिक काडतुसे मावणारी मॅगझिने बंद करावीत, आणि प्रत्येक विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी व्हावी, अशा त्या मुख्य सूचना होत्या.

हत्या आणि सूचना यांच्या दरम्यान महिनाभराचा अवकाश गेला. या महिन्यात बंदुकीच्या दुकानांत काय चालले होते ते आकड्यांवरून स्पष्ट दिसते. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घ्यावयाची तर गिऱ्हाइकाचे नाव मध्यवर्ती तपास खात्याकडे, म्हणजे एफ.बी.आय.कडे, पडताळून पाहावे लागते. अशा पडताळण्या डिसेंबर २०११ मध्ये १८ लाख ६२ हजार झाल्या होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्या २७ लाख ८३ हजारांवर गेल्या. नाताळापूर्वीच्या २१ डिसेंबर या एकाच दिवशी १ लाख ७७ हजारांहून अधिक नावे पडताळणीस आली, आणि तो त्या काळचा उच्चांक होता. (पडताळणी म्हणजे विक्रीच असे मात्र समजू नये. बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठीही ती होते, आणि एका पडताळणीवर दोन बंदुकाही घेता येतात. पण वारा कोणीकडून वाहत होता हे समजावयास एवढे पुरे आहे.)

भावाची गोष्ट तर आमच्या पेठेतील कसलेल्या सटोडियासही तोंडात बोट घालावयास लावील अशी आहे. तीस काडतुसांचे मॅगझिन, म्हणजे रायफलीस खालून अडकवावयाची पत्र्याची वा प्लॅस्टिकची पेटी, एरवी पंधरा डॉलरांच्या आसपास मिळत असे. ते साठ डॉलरांस व कोठे कोठे त्याहूनही अधिक दराने विकले गेले, आणि तेही मिळाले तर. एआर-१५ जातीच्या रायफली दुकानांतून दिसेनाशा झाल्या व लिलावांत त्यांस दुप्पट बोली लागली. मोठमोठ्या दुकानांनी काडतुसांच्या पेट्या एका गिऱ्हाइकास दिवसाला अमुक इतक्याच असे बंधन घातले, तेव्हा पहाटे दुकान उघडण्यापूर्वी दारात उभे राहणारे लोक दिसू लागले. त्यांतील काहीजण आत घेतलेली पेटी बाहेर येऊन चढ्या भावाने विकीत. हा धंदा आपल्याकडे नाटक-सिनेमाच्या तिकिटांचा चालत असे, एवढाच काय तो फरक.

या सर्वांत चमत्कारिक गोष्ट पॉइंट टू-टू काडतुसाची झाली. हे सर्वांत बारीक व स्वस्त काडतूस. निशाणबाजी शिकणारी मुले त्यावरच हात बसवितात, आपल्याकडील एन.सी.सी.च्या मुलांच्या हाती येते ती रायफलही याच मापाची. यावर बंदी घालावी असे वॉशिंग्टनमध्ये कोणीही सुचविले नव्हते. तरी ते २०१३ च्या आरंभी बाजारातून नाहीसे झाले आणि पुढे दीड-दोन वर्षे सुखाने मिळेना. पाचशे काडतुसांची जी पेटी वीस डॉलरांस मिळे तिच्यासाठी लोक पन्नास मोजू लागले. कारखाने रात्रंदिवस चालू होते, माल पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक निघत होता. पण जो गृहस्थ पूर्वी एक पेटी घेई तो आता सापडेल तेथे पाच उचलीत होता. मग तुटवड्याचे कारण शोधण्यास अफवा धावून आल्या. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचे खातेच सारी काडतुसे विकत घेऊन कोठारांत दडवीत आहे, हेतू हा की कायदा न करताच लोकांच्या बंदुका मुक्या व्हाव्यात, असे लोक एकमेकांस सांगू लागले. अखेर अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीने दप्तरे तपासली आणि जानेवारी २०१४ मध्ये सांगितले की, त्या खात्याची काडतूसखरेदी २००९ पासून उलट घटतच गेलेली आहे. पण अफवा ऐकून ज्याने कपाट भरले त्याने हा अहवाल वाचला असेल असे आम्हास वाटत नाही.

आता या रांगेत उभा राहिलेला मनुष्य कोण, याचा विचार न्यायाने केला पाहिजे. दुरून टीका करणारास तो राक्षस वाटतो. जवळून पाहिले तर तो बहुधा आपल्यासारखाच संसारी गृहस्थ निघतो. कोणी शिकारी आहे, कोणास रविवारी मैदानावर जाऊन निशाण मारण्याचा नाद आहे. कोणी अशा खेड्यात राहतो की जेथे पोलीस बोलाविल्यापासून पोहोचेपर्यंत तासभर लागतो. कोणी एकटी राहणारी स्त्री आहे. यांतील कित्येकांच्या मनात दोन-चार वर्षांत केव्हातरी रायफल घ्यावी असे होते, पण घाई नव्हती. “आज घेतली नाही तर पुन्हा कधीच घेता यावयाची नाही” असे सर्व बाजूंनी ऐकू येऊ लागले, तेव्हा त्याने उसने काढून ती घेतली. ज्याला रायफल नकोच होती असा तिसराच मनुष्यही रांगेत शिरला. त्याचा हिशेब असा की आज हजारास घ्यावी व बंदी आली की दोन हजारांस काढावी. प्रत्येकाचे वागणे त्याच्या त्याच्यापुरते पाहिले तर त्यास मूर्ख म्हणता येत नाही. सर्वांचे मिळून जे झाले ते मात्र मूर्खपणाहून वाईट झाले, हे आम्ही पुढे सांगणार आहोत.

शस्त्रांवरील कायद्याविषयी बोलताना हिंदी मनुष्याच्या मनात एक जुना सल आहे, तो लपवून ठेवण्याचे कारण नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत येथे जो शस्त्रांचा कायदा झाला त्याने या देशातील लोकांस आपल्याच घरी निःशस्त्र केले व गोऱ्या लोकांस मोकळे सोडले. या अपमानाविरुद्ध १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेने ठराव केला होता. त्यामुळे “सरकार आमची शस्त्रे काढून घेणार” असे कोणी म्हणाला की आम्ही त्यास एकदम हसत नाही. पण अमेरिकन मनुष्याची स्थिती तशी मुळीच नाही. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा त्यास आधार आहे, आणि घरी स्वसंरक्षणार्थ बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क होय असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेला आहे. त्याच निवाड्यात असेही म्हटले आहे की हा हक्क अमर्याद नाही. म्हणजे घरातील बंदूक उचलून नेण्यास शिपाई येणार ही भीती त्या हिवाळ्यात खरी नव्हती. वादाचा विषय पुढची विक्री कोणत्या जातीची व्हावी एवढाच होता, आणि प्रत्यक्षात तीही थांबली नाही.

कारण कायदा झालाच नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी सेनेटमध्ये मते पडली. गिऱ्हाइकाच्या चौकशीची व्याप्ती वाढविण्याच्या सूचनेस ५४ मते अनुकूल व ४६ प्रतिकूल मिळाली, पण तेथील रिवाजाप्रमाणे ६० हवी होती. लष्करी घडणीच्या रायफलींवरील बंदीस तर ४० च मते मिळाली. चार महिने चाललेल्या चर्चेचे मध्यवर्ती सरकारच्या कायद्यांच्या पुस्तकातील फळ शून्य. न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशा काही राज्यांनी आपापल्या हद्दीत कायदे कडक केले, हे मान्य केले पाहिजे. पण देशाचा हिशेब मांडावयाचा तर तो कारखानदारांच्या वह्यांत मांडावा लागतो. स्टर्म रूगर या जुन्या कंपनीची विक्री २०१२ मध्ये सुमारे ४९ कोटी डॉलर होती. २०१३ मध्ये ती ६८ कोटींच्या वर गेली, आणि भीती ओसरल्यावर २०१४ मध्ये पुन्हा ५४ कोटींवर आली. बंदुका व काडतुसे यांवर तेथे दहा-अकरा टक्के मध्यवर्ती कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याने तो वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी राखून ठेवलेला आहे. तेव्हा माणसांच्या भीतीने हरणांचे व रानबदकांचे काही भले झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसांच्या मुलांचे काय झाले? मॅसॅच्युसेट्समधील वेल्सली कॉलेजात फिलिप लेव्हिन व रॉबिन मॅकनाइट हे दोन अर्थशास्त्रज्ञ आहेत. न्यूटाउननंतरच्या पाच महिन्यांत एरवी खपल्या असत्या त्याहून किती बंदुका अधिक खपल्या याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो २०१७ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने सुमारे ३० लाख बंदुका जास्त खपल्या. नवी बंदूक घरी आली की ती काही दिवस हाताळली जाते, शेजाऱ्यांस दाखविली जाते. जुनी असली तर तीही कपाटातून निघते, साफ केली जाते, आणि कधी भरलेलीच टेबलावर राहते. ज्या राज्यांत विक्री अधिक वाढली तेथे या महिन्यांत चुकून गोळी सुटून होणारे मृत्यूही अधिक वाढले. असे जास्तीचे मृत्यू देशभर सुमारे ६० झाले, आणि त्यांत सुमारे २० मुले होती, असा या दोघांचा निष्कर्ष आहे.

सँडी हूक शाळेत मुले मेली ती वीस. त्या मुलांच्या शोकातून जी चर्चा निघाली, त्या चर्चेने जी भीती उठली, आणि त्या भीतीने जी खरेदी झाली, तिच्यात मेलेली मुलेही वीसच्या आसपास. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे आम्ही विसरत नाही. आकडा पंधरा असेल किंवा पंचवीस असेल. परंतु या दुसऱ्या वीस मुलांसाठी कोणी मेणबत्त्या लावल्या नाहीत, कारण ती एकेका गावात, एकेका घरात, एकेक करून गेली. त्यांची नावे जोडून वाचावी असे कोणास सुचले नाही. शिवाय हा हिशेब चुकून सुटलेल्या गोळीपुरताच आहे. त्या देशात बंदुकीने मरणारांत अर्ध्याहून अधिक लोक आत्महत्या करून मरतात. २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली त्यांत २६,३२८ आत्महत्या होत्या. घरात बंदूक आहे की नाही यावर निराशेच्या एका रात्रीचा शेवट कसा व्हावा हे पुष्कळदा ठरते, आणि २०१३ मध्ये घेतलेल्या बंदुका अद्याप त्या घरांतच आहेत.

खरेदी करणारांचा व्यापारी हिशेब तरी बरोबर निघाला काय? आमच्या वाचकांस याचेच कुतूहल अधिक असेल. याचे उत्तर १९९४ साली मिळून चुकले होते. त्या वर्षी सप्टेंबरात लष्करी घडणीच्या काही रायफली व मोठी मॅगझिने यांवर दहा वर्षांची बंदी खरोखरच आली. तिच्यावर वाद चालू होता त्या १९९३-९४ च्या दरम्यान या रायफलींचे भाव पन्नास टक्क्यांहूनही अधिक चढले. व्यापाऱ्यांनी व संग्राहकांनी साठे केले, कारण उद्या या वस्तू दुर्मिळ होतील असा सर्वांचा कयास होता. पण हाच कयास कारखानदारांचाही होता. १९९४ या एका वर्षात त्यांनी नेहमीच्या वर्षाहून एका अख्ख्या वर्षाचा माल अधिक काढला. कायद्यात तर पूर्वी बनलेल्या मालाच्या खरेदीविक्रीस मुभा होती, आणि थोडा फेरफार केलेल्या रायफलीही विकता येत होत्या. परिणाम असा की बंदी लागू झाल्यावर भाव चढावयाचे ते उतरले, व १९९६ च्या मध्यापर्यंत जवळजवळ पूर्वीच्याच पातळीस राहिले. जेफ्री रॉथ व ख्रिस्तोफर कोपर या संशोधकांनी तेथील न्यायखात्यासाठी केलेल्या १९९९ च्या अहवालात हे सारे मांडलेले आहे. ज्यांनी तेजीत माल भरला होता ते बुडाले, कारखानदार तरले.

भाव कायमचा चढला तो एकाच प्रकारात, आणि तेथे चर्चेचा गाजावाजा झालाच नव्हता. १९८६ च्या एका कायद्यात अखेरच्या घटकेस घुसविलेल्या कलमाने १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन खासगी माणसास घेण्याची बंदी झाली. त्या तारखेपूर्वी नोंदलेल्याच तोफा, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, पेठेत फिरत राहिल्या. नवा माल बंद, जुना मोजका. आज त्यांतील एकेक तीस-चाळीस हजार डॉलरांस जाते. म्हणजे ज्या निर्बंधाने पुरवठा खरोखर तुटतो तो गुपचूप आला, आणि ज्याने तुटत नाही त्याच्या नावाने दोनदा बाजार पेटला.

उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये निर्बंधांस अनुकूल असलेला पक्ष हरला व डोनाल्ड ट्रंप निवडून आले, तेव्हा बंदूकवाल्यांनी पेढे वाटावयास हवे होते. वाटलेही असतील. पण पुढच्याच वर्षी पडताळण्या २ कोटी ७५ लाखांवरून २ कोटी ५२ लाखांवर उतरल्या, एआर-१५ रायफली पाचशे डॉलरांच्या खाली आल्या, आणि १८१६ साली स्थापन झालेल्या रेमिंग्टन कंपनीने मार्च २०१८ मध्ये दिवाळे जाहीर केले. न्यूटाउनमध्ये वापरलेली रायफल याच कंपनीच्या ताब्यातील एका शाखेची होती. गिऱ्हाइकास वाटत होते की आपला कैवारी सत्तेवर आला. कारखानदारास कळत होते की आपला उत्तम विक्रेता सत्तेवरून गेला.

तेव्हा दोष कोणाचा? सुधारकांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा अशी आमची सूचना आहे. बंदी आणावयाची इच्छा खरी होती, कारण योग्य होते, मेलेल्या मुलांचा शोक खोटा नव्हता. पण बंदी आज जाहीर करावयाची, तिची चर्चा चार महिने चालवावयाची, आणि त्या चार महिन्यांत दुकाने उघडी ठेवावयाची, हा कोणता शहाणपणा? न्यूझीलंडने तो केला नाही. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत गोळीबार होऊन ५१ माणसे मेली. सहाच दिवसांनी, २१ मार्च रोजी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी बंदी जाहीर केली, आणि त्याच दुपारी तीन वाजल्यापासून त्या जातीच्या रायफली सामान्य परवान्यावर विकत घेता येणार नाहीत असा हुकूम लागू केला. हेतू स्पष्ट सांगितला होता, कायदा होईपर्यंत कोणी साठा करू नये. रीतसर कायदा १० एप्रिल रोजी ११९ विरुद्ध १ मताने झाला, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे ५६ हजार बंदुका मोबदला देऊन सरकारने परत घेतल्या.

कॅनडाने दोन्ही रीती करून पाहिल्या. १ मे २०२० रोजी तेथे सुमारे दीड हजार जातींच्या रायफलींवर बंदी आली ती जाहीर होताच अमलात आली. रांग लावावयास कोणास वेळच मिळाला नाही. पण ३० मे २०२२ रोजी पिस्तुलांची विक्री गोठविण्याचा मनोदय मात्र आधी जाहीर झाला, आणि गोठवणूक प्रत्यक्ष अमलात आली २१ ऑक्टोबरला. मधल्या उन्हाळ्यात दुकानांतील कपाटे रिकामी झाली, व ऑगस्टात सरकारला घाईघाईने आयातही बंद करावी लागली. एकाच सरकारने दोन वर्षांपूर्वीचा स्वतःचाच धडा विसरावा, हे पाहून आम्हास आपल्याकडील पुष्कळ खात्यांची आठवण झाली.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. लोकांच्या हक्कावर घाला घालणारा कायदा रात्रीतून आणावा, चर्चा नंतर करावी, असे वर्तमानपत्रानेच सांगावे काय? उद्या याच रीतीने छापखान्यावर निर्बंध आला तर? हा आक्षेप आम्हास मान्य आहे, म्हणूनच आम्ही न्यूझीलंडचा दाखला दिला. तेथे हुकूम तात्पुरता होता, कायदा पार्लमेंटात उघडपणे झाला. अमेरिकेत ती वाटही नाही. तेथील अध्यक्षास अशी विक्री एका हुकमाने थांबविता येत नाही, सेनेटात साठ मतांखेरीज काही हलत नाही, आणि न्यायालय मागे उभे आहे. जेथे झटपट करता येणे शक्यच नाही तेथे बंदीची डरकाळी फोडणे म्हणजे ज्याला आवरावयाचे त्यालाच जाहिरात फुकट करून देणे होय, इतके तरी अमेरिकन सुधारकांनी ओळखावयास हवे होते. काहींनी ते ओळखलेही. मे २०२२ मध्ये टेक्ससमधील युव्हाल्डी येथील शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्यावर महिन्याभरात जो मध्यवर्ती कायदा झाला त्यात बंदुकीच्या कोणत्याही जातीवर बंदी नव्हती. एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकाची चौकशी कसून व्हावी, आणि धोकादायक माणसाच्या हातून बंदूक तात्पुरती काढण्याची व्यवस्था करणाऱ्या राज्यांस पैसा मिळावा, अशी त्यात कलमे होती.

आमच्या मते यापुढची वाट कुलपाची आहे. जो निर्बंध मालाचा पुरवठा तोडीत नाही त्याच्या भीतीने कोणी रांगेत उभा राहत नाही. उद्यापासून बंदुकीस कुलूप लावावे लागणार म्हणून आजच दहा बंदुका घेऊन ठेवाव्या, असा विचार लोभी साठेबाजाच्याही डोक्यात यावयाचा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा १९९८ पासून आहे. मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड गावच्या हायस्कूलमध्ये २०२१ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले. ज्या पिस्तुलाने मारले ते त्याच्या बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेले होते. पुढे २०२४ मध्ये त्याच्या आईबापांस मनुष्यवधाच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्याच राज्यात १३ फेब्रुवारी २०२४ पासून असा कायदा लागू आहे की, ज्या घरात अल्पवयीन मुले असतील अथवा येण्याचा संभव असेल त्या घरात बंदूक कुलूपबंद ठेवलीच पाहिजे. त्याच वेळी त्या सरकारने बंदुकीची कुलपे व तिजोऱ्या यांवरील विक्रीकर काही काळ माफ केला, तेव्हा दुकानदारासही तो माल पुढे मांडण्यात गोडी वाटावी. बंदुकीच्या कोणत्याही दुकानात गेले तरी हे कुलूप रायफलींच्या शेजारीच टांगलेले असते आणि त्याची किंमत काडतुसांच्या एका पेटीहून फारशी अधिक नसते. २०१३ च्या हिवाळ्यात ज्या गिऱ्हाइकांनी पहाटे रांगा लावल्या, त्यांतील कितींनी काउंटरवरून तेही उचलले, याची नोंद कोणत्याही पडताळणीत होत नसे.